समोरच्या पोरीचा झेल

आपलं माणूस जिंकावं असं वाटण्यात काही गैर आहे का? घरात बसून विचारलं तर प्रश्न सोपा आहे. मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून बसल्यावर तो अवघड होतो. कारण तिथं आपली पोरगी जिंकते तेव्हा समोर उभी असलेली, तिच्याच वयाची, तिच्यासारखीच पहाटे उठून सराव केलेली कुणाची तरी पोरगी हरते.

माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, त्यांची नात सोलापूरला कॉलेजात शिकते आणि कॉलेजच्या संघात सॉफ्टबॉल खेळते. आमचं घर एकत्र, म्हणून ती जितकी अक्कांची तितकीच माझी. सामने लागले की आळंदहून आमची गाडी निघते. वागदरी, अक्कलकोट करत सोलापूर. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, शेंगापोळ्या, आणि गाळून उकळलेलं पाणी. दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं, म्हणून अक्कांचं एक लक्ष खेळाकडं आणि एक सूर्याकडं.

अमेरिकेतल्या कॉलेजांत हा खेळ फेब्रुवारीत सुरू होतो, तो उन्हाळ्याच्या तोंडाशी ओक्लाहोमा सिटीतल्या शेवटच्या फेरीपर्यंत चालतो. आपल्याकडं तसं नाही. कॉलेजांचे आपसातले सामने थोड्या दिवसांत उरकतात, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडतात, आणि निवड झाली तर पुढं आंतरविद्यापीठ स्पर्धा. वर्षभर घाम गाळायचा आणि दाखवायला मिळतात ते मोजके तास. म्हणूनच घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

ज्या बायकांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका बाजूला नऊ जणी. बॉल टाकणारी हात खांद्यावरून न फिरवता कमरेखालून टाकते, मुलींच्या खेळात त्रेचाळीस फुटांवरून. मारणारीनं बॉल मारून साठ-साठ फुटांवरचे बेस गाठत परत घरी, म्हणजे होमला यायचं. तीन जणी बाद झाल्या की डाव दुसरीकडं. असे सात डाव. नावात ‘सॉफ्ट’ असलं तरी बारा इंच घेराचा तो बॉल हाताला लागला की कळतं.

या खेळात ‘बेस चोरणं’ असतं. पहिल्यांदा नातीनं बेस चोरला आणि सगळे ओरडले, तेव्हा अक्कांनी मला विचारलं, “चोरी केली म्हणून टाळ्या?” संध्याकाळी नातीनं समजावलं, “आज्जी, चोरीलासुद्धा नियम आहे. बॉल टाकणारीच्या हातातून सुटेपर्यंत पाय बेसवरून उचलायचा नाही.” अक्का म्हणाल्या, “सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, नियमानं केली तर ती चोरी कसली?”

अक्का हसत बोलल्या, पण माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात होतं. चोरी चोरी होते ती समोरच्याची संमती नसते म्हणून. मैदानात दोन्ही बाजू आपणहून उतरलेल्या असतात. समोरचीनं जीव तोडून खेळावं असंच प्रत्येकीला वाटत असतं. कुणी दया येऊन बॉल सोडून दिला तर अपमान वाटेल. तेव्हा जिंकण्यानं कुणाला इजा होत नाही, आणि जिंकावंसं वाटण्यातही होत नाही. खेळणारीच्या बाजूनं हिशेब चोख आहे.

कडेला बसणाऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा. आपण ना धावतो, ना आपला गुडघा फुटतो. आपल्याकडं असतं ते फक्त मन आणि दोन हात. कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. करणं, करवणं, आणि कुणी केलेल्याला मनानं ‘बरं झालं’ म्हणणं. प्रेक्षकाला तिसरंच काय ते करता येतं, म्हणून त्याची सगळी जबाबदारी त्या एका ‘बरं झालं’मध्ये असते. आपण नेमकं कशाला ‘बरं झालं’ म्हणतो?

गेल्या हंगामातला एक सामना सांगते. समोरच्या संघातल्या एका पोरीच्या हातून अगदी साधा झेल सुटला आणि आमच्या बाजूची पोरगी धावत होमला आली. आमच्या सतरंजीवरचे सगळे उभे राहून नाचले. शेजारी इरकल नेसलेली एक बाई बसली होती, त्या पोरीच्या घरची. तिनं मान खाली घातली आणि पिशवीत काहीतरी शोधू लागली. शोधण्यासारखं पिशवीत काही नसावं.

शेवटच्या डावात आमची नात मारायला आली. बॉल सणसणीत गेला. आणि त्याच पोरीनं, जिच्या हातून साधा झेल सुटला होता तिनंच, आडवं झेपावून मातीला टेकता टेकता तो पकडला. सामना तिथंच संपला. आमच्याकडं एकदम शांतता. त्या शांततेत एकटी टाळी वाजली, ती अक्कांची. पुतण्या चिडून म्हणाला, “आज्जी, आपली आऊट झाली!” “दिसतंय की मला. झेल किती सुरेख घेतला बघ.” शेजारच्या बाईनं अक्कांकडं बघितलं, आणि मग तिच्या पिशवीतली केळी आमच्या डब्याशेजारी आली.

गोष्ट इथं संपली असती तर छान बोधकथा झाली असती. पण गाडीत नात गप्प होती. अक्कलकोट मागं पडल्यावर म्हणाली, “सगळं मैदान गप्प होतं आणि माझीच आज्जी टाळ्या वाजवत होती.” विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाली नाही, हे नंतर कळलं. अक्कांना वाईट वाटलं. तरी त्या इतकंच म्हणाल्या, “तू पकडला असतास तर त्या बाईनं वाजवायला हवी होती का नको?” नात बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पुढच्या वेळी जरा हळू वाजव.”

दोघींचं मला पटतं, आणि म्हणूनच हे लिहायला बसले. नात मागत होती ते काही चुकीचं नव्हतं. जगात निदान एक जागा अशी हवी, जिथं आपल्याला गुण दाखवून उभं राहावं लागत नाही. आज्जीनंही पंचासारखं तटस्थ व्हायचं ठरवलं तर मग आज्जी कशाला? पण अक्कांची टाळी तटस्थ नव्हतीच. तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. त्यातली प्रमोद म्हणजे आपल्याहून सरस गुण दिसला की मनापासून आनंद होणं. मैत्री सोपी, कारुण्य त्याहून सोपं. पडलेल्यावर दया करताना आपण उंचावर असतो. प्रमोद अवघड, कारण तो नेमका आपण हरलेलो असताना मागितला जातो.

दोन प्रकारचे आनंद वेगळे करता यायला हवेत, असं मला वाटतं. नातीनं बॉल सणसणीत मारला याचा आनंद, आणि समोरचीच्या हातून झेल सुटला याचा आनंद. धावफलकावर दोन्हींचा आकडा सारखाच लागतो. पण पहिल्यात कुणाची मान खाली जात नाही. पक्षपात करावा तो पाय उचलताना. तिच्यासाठी पहाटे उठावं, डबा करावा, प्रवास करावा. बघताना मात्र डोळे सगळ्यांसाठी उघडे ठेवावेत.

गंमत म्हणजे या खेळाचा जन्मच प्रेक्षकांच्या पक्षपातातून झाला. १८८७ साली शिकागोतल्या एका बोट क्लबात येल आणि हार्वर्ड यांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत मंडळी जमली होती. येल जिंकल्याची तार आली तसा येलवाल्या एकानं बॉक्सिंगचा हातमोजा हार्वर्डवाल्यावर फेकला, आणि त्यानं तो काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉक यांनी ते बघून खेळ मांडला. फेकलेल्या हातमोज्यातून भांडणही निघू शकलं असतं.

अजून एक, आणि ते आपल्यासारख्या घरांसाठी. आपण एवढ्या लांबून जातो याचं ओझं पोरीवर पडू नये. “तुझ्यासाठी एवढं केलं” हे तोंडानं न म्हणताही चेहऱ्यानं म्हटलं जातं. या खेळात ‘सॅक्रिफाइस’ म्हणून एक प्रकार आहे: स्वतः बाद व्हायचं, पण पुढच्या बेसवरचीला सरकू द्यायचं. अशा बंटची नोंद वेगळी होते. मारणारीच्या सरासरीतून ती वजा होत नाही. घरातल्या बायकांच्या त्यागाची नोंद कुणी ठेवत नाही, म्हणून आपणच ती मनात ठेवतो आणि कधीतरी पोरांसमोर वही उघडतो. ती वही मैदानावर नेऊ नये. ज्या दिवशी ती राखीव म्हणून कडेला बसणार आहे, त्या दिवशीही डबा तेवढाच भरावा.

आमच्या वेळी परकर जाऊन साडी आली की खो-खो सुटायचा. जिंकण्या-हरण्याचा प्रश्न आमच्यापर्यंत पोचलाच नाही. आता तो पोचलाय, हे चांगलंच आहे. तेव्हा जायाबायांनो, नातीच्या सामन्याला जरूर जा. शेंगापोळ्या चार जास्त घ्या, शेजारच्या सतरंजीसाठी. समोरचीनं चांगला झेल घेतला तर टाळी वाजवा. आपली पोरगी ऐकत असेल तर, जरा हळू.