खोटा शॅड

टेक्ससमधल्या लेक फोर्कवर शरदात पाणी निवायला लागलं की शॅड नावाच्या लहान माशांचे थवे तलावाच्या उथळ फाट्यांत शिरतात. बास त्यांच्या मागोमाग. पुढे थंडीत त्याची भूक मंदावणार असते, म्हणून आत्ताच तो भरपूर खाऊन घेतो. आपली सगळी हुशारी या गरजेवर उभी असते. शॅडच्याच मापाचं, चंदेरी-पांढरं आमिष निवडायचं. आधी स्पिनरबेट किंवा क्रँकबेट वेगानं ओढायचं, पाणी आणखी गार झालं की जर्कबेटला झटका देऊन थांबायचं. जखमी शॅड असाच थबकतो. बास फसतो तो त्या थांबण्याला.

या तलावात 16 ते 24 इंचांचा बास परत सोडावाच लागतो. सोडला की हिशोब मिटला, असं अनेकांना वाटतं. मला नाही वाटत. आपल्याकडे गळ टाकणारा मासा घरी नेतो. त्याच्या फसवणुकीला कालवणाचं तरी कारण असतं. (माझ्या मित्रांना हे ऐकून हसू येतं.) जर्मनीत प्राण्याला वेदना द्यायला कायद्यानं रास्त कारण लागतं, त्यामुळे निव्वळ सोडण्यासाठी पकडणं तिथं गैर धरलं जातं. उलट लेक फोर्कचा नियम मोठे मासे टिकावेत म्हणून आहे, आणि तोही मला योग्यच वाटतो. पण तो विचार करतो तलावाचा. गळाला लागलेल्या एका माशाचा नाही.

मी गळांचे उलटे काटे पक्कडीनं दाबून टाकलेत. सोडवताना जखम कमी होते. भुकेल्यापुढे खोटं अन्न नाचवणं मात्र तेवढंच राहतं, आणि नोव्हेंबरात मी जातोच.