सांत्वनातील उपदेश

दुःखात सापडलेल्या मित्राला धीर देणे वेगळे आणि त्याला सल्ला देणे वेगळे, ही जाणीव आज स्वाभाविक वाटत असली तरी विचारांच्या इतिहासात ती बरीच उशिरा स्थिरावली. ग्रीक आणि रोमन जगात सांत्वन हे तत्त्वज्ञानाचेच एक काम समजले जाई आणि सांत्वनपर पत्र हा तेथील रूढ वाङ्मयप्रकार होता. शोक चुकीच्या समजुतीतून उद्भवतो, म्हणून समजूत दुरुस्त झाली की तो ओसरतो, हे त्यामागचे गृहीतक होते. भावनांवर विवेकाचा ताबा असावा असे मानणाऱ्या स्टोइक पंथातील क्रिसिपस याच्या मते तर, शोक करणे हे आपले कर्तव्यच आहे हा शोकाकुल माणसाचा ग्रह काढून टाकणे, हेच सांत्वन करणाऱ्याचे मुख्य काम होते.

या विचाराची ताकद आणि मर्यादा एकाच पत्रव्यवहारात दिसते. इ.स.पू. 45 मध्ये रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरो याची मुलगी टुलिया बाळंतपणानंतर वारली, तेव्हा ग्रीसचा कारभार पाहणारा त्याचा मित्र सर्व्हियस सुल्पिसियस याने त्याला अथेन्सहून पत्र लिहिले. कॉरिंथ, मेगारा यांसारखी एकेकाळची भरभराटीची नगरे उद्ध्वस्त होऊन पडलेली आपण समुद्रप्रवासात पाहिली, जिथे नगरेच नाहीशी होतात तिथे एका देहाच्या नाशाने माणसाने किती खचावे, आणि इतरांना उपदेश करणाऱ्या सिसेरोने तोच उपदेश आता स्वतःला का करू नये, असा त्याचा युक्तिवाद होता. सिसेरोने उत्तरात पत्राने थोडी शांती मिळाल्याचे मान्य केले. पण मित्र जवळ असता तर समजावण्याने जितका आधार मिळाला असता जवळजवळ तितकाच त्याच्याही दुःखी होण्याने मिळाला असता, असेही त्याने लिहिले. युक्तिवादाचा आदर राखूनच हे लिहिले गेले, म्हणून त्याचे मोल अधिक आहे. मनाची सूज ताजी असताना तिच्यावर औषध लावू नये, हा क्रिसिपसचाच इशारा सिसेरोने पुढे नोंदवून ठेवला. म्हणजे उपदेश कधी करावा हा प्रश्न या ग्रीक-रोमन विचारवंतांना पडला होता. मुळात तो करावा का, हा मात्र पडला नव्हता.

हिब्रू परंपरेतील ईयोबाच्या ग्रंथात हा दुसरा प्रश्न तीव्रपणे उभा राहतो. मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता जमिनीवर बसून राहतात, आणि बिघडते ते बोलायला सुरुवात झाल्यावर. कुठेतरी पाप घडल्याशिवाय अशी शिक्षा होणार नाही, हे त्यांचे प्रतिपादन मित्राच्या दुःखापेक्षा स्वतःच्या जगाविषयीच्या समजुतीला अधिक जपणारे आहे. संकटातील माणसाला कारणे सांगू पाहणारे बरेच सल्ले याच जातीचे असतात. असे आपल्या बाबतीत घडणार नाही, याची खात्री बोलणाऱ्यालाच हवी असते.

भारतीय परंपरेत उपदेशाचा प्रवाह विशाल आहे, आणि त्याची निष्फळताही तिने लपवलेली नाही. महाभारतात युद्धानंतर कर्ण हा आपला थोरला भाऊ होता हे कळून कोसळलेल्या युधिष्ठिराला भाऊ, द्रौपदी, व्यास आणि कृष्ण आळीपाळीने समजावतात. मग शरशय्येवरील भीष्म त्याला शांतिपर्व आणि अनुशासनपर्व व्यापणारा उपदेश करतात. एवढे सारे ऐकूनही आश्वमेधिकपर्वाच्या आरंभी तो गंगेच्या काठी पुन्हा कोसळतो आणि समजावणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बौद्ध परंपरेतील किसा गोतमीची कथा वेगळी वाट दाखवते. मेलेले मूल घेऊन फिरणाऱ्या या आईला बुद्ध आधी प्रवचन देत नाहीत. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगतात, आणि दारोदारी इतरांची दुःखे ऐकत ती स्वतःच सत्यापर्यंत पोहोचते.

महाराष्ट्रात ताटीच्या अभंगांना या संदर्भात विशेष स्थान द्यावे लागते. लोकनिंदेने व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून बसले तेव्हा मुक्ताबाईने बाहेरून त्यांची समजूत घातली, अशी परंपरा आहे. हा उपदेशच आहे, पण तो करणारी धाकटी बहीण त्याच पोरकेपणातून आणि त्याच बहिष्कारातून गेलेली आहे, आणि त्या उपदेशाचा अधिकार तिथून येतो. ग्रंथांबाहेरच्या लोकरीतीत तर शब्दांना फारसे महत्त्वच नाही. मृत्यू झालेल्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी आणि सोयरे भाजीभाकरी घेऊन येतात, काही भागांत त्याला ‘कडू घास’ म्हणतात, आणि समाचाराला आलेली माणसे पुष्कळदा नुसती बसून उठतात.

आधुनिक काळात निर्णायक वळण दोन ठिकाणी आले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1942 मध्ये समुपदेशनावर लिहिलेल्या पुस्तकात सल्ला देणाऱ्या, दिशा ठरवून देणाऱ्या पद्धतीवर टीका केली आणि स्वतःच्या प्रश्नाची उकल करण्याची क्षमता दुःखी माणसात असते, असे मांडले. 1953 मध्ये लंडनमधील धर्मगुरू चॅड व्हारा यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली, ती पुढे ‘समॅरिटन्स’ म्हणून ओळखली गेली. भेटीसाठी ताटकळणाऱ्यांना चहा देऊन त्यांच्याशी बोलत बसणाऱ्या स्वयंसेवकांमुळेच अनेकांचे मन हलके होते आणि त्यांना तज्ज्ञाची गरज उरत नाही, हे व्हारा यांच्या ध्यानात आले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांकडे सोपवले. या बाबतीत सामान्य माणसाच्या मैत्रीला तज्ज्ञाच्या ज्ञानाइतकी प्रतिष्ठा मिळाली, ती येथे.

मानसशास्त्रज्ञ लेहमन, एलार्ड आणि वॉर्टमन यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, वाहन अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्यांना सल्ले आणि लवकर सावरण्याचा आग्रह निरुपयोगी वाटल्याचे, तर तशाच दुःखातून गेलेल्यांची भेट आणि मन मोकळे करण्याची संधी उपयोगी वाटल्याचे आढळले. त्याहून उद्बोधक भाग असा की असे दुःख न भोगलेल्यांनाही काय बोलावे आणि काय टाळावे याची बरीच अचूक कल्पना होती. प्रत्यक्ष समोरासमोर आल्यावर होणारी घालमेल त्यांच्याकडून नको ते बोलवून घेत असावी, असा संशोधकांचा तर्क होता. तो बरोबर असेल तर चुकीच्या सांत्वनाचे मूळ अज्ञानापेक्षा भीतीत आहे, आणि नुसते नियम शिकवून ती भीती जात नाही.

मात्र ‘फक्त ऐका, सल्ला देऊ नका’ हा आजचा दंडकही अपुरा आहे. नवरा गमावलेल्या शेतकरी स्त्रीला सातबाऱ्यावर वारसनोंद करायची असते, बँकेतील कर्ज आणि विम्याचे कागद पाहायचे असतात, दीर-जावांच्या दबावाखाली कुठेही सही करायची नसते; अशा वेळी जाणत्या मित्राने मौन पाळणे हे तिला एकटे सोडणेच ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत पाहणे आणि ऐकणे यांच्यापुढे तिसरी पायरी ठेवली आहे ती माणसाला आवश्यक माहिती, सेवा आणि आप्तांशी जोडून देण्याची. शोक कसा करावा हे सांगणारा सल्ला आणि तलाठ्याकडे कोणते कागद न्यावेत हे सांगणारा सल्ला यांतील भेद सुल्पिसियसच्या पत्राला करता आला नव्हता. पण समाचाराला येऊन, तेरावा झाल्यावरही पुन्हा येणाऱ्या आणि तहसील कचेरीत सोबत जाणाऱ्या शेजाऱ्याला तो कोणी शिकवावा लागत नाही.