शेजारधर्म आणि बिनतारी यंत्र

आपल्या घरांतील वस्तु आपल्या भिंतींच्या आंतच राहते, ही समजूत इतकी जुनी आहे कीं, तिचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर कधीं आला नव्हता. गेल्या दिवाळीनंतर आम्हीं घरीं नवा वायफाय राउटर घेतला आणि तो प्रसंग आला.

जुना राउटर जोडणाऱ्या माणसानें दाराजवळ चपलांच्या कपाटावर ठेवून दिला होता, कारण त्याची तार तेथवरच पोंचत होती. परिणाम असा कीं, जिन्यांत इंटरनेट उत्तम चाले व आमच्या अभ्यासाच्या खोलींत मुळींच नाहीं. दुकानदारानें चार शिंगांचीं, सहा शिंगांचीं अशीं यंत्रें दाखविलीं. बैलबाजारांत उभे आहों असेंच क्षणभर वाटलें. वास्तविक तीन खोल्यांच्या घरास शिंगांपेक्षां जागा महत्त्वाची. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंती ओलांडून दूर जाते, पण ती मंद, आणि तींत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या यंत्रांची गर्दी फार. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, परंतु काँक्रीटच्या एकदोन भिंतींतच तिचा दम संपतो. म्हणून यंत्र घराच्या मध्यभागीं, उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर असावें. आम्हीं तार वाढवून तें मधल्या बोळांत टांगलें, कारखान्यांतून आलेला पासवर्ड बदलला आणि सुटलों असें मानलें.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं इमारतीच्या पहारेकऱ्याची मुलगी दारांत येऊन उभी राहिली. जिन्याखालच्या खोलींत हें कुटुंब राहतें. मुलगी बारावीला आहे.

"सर, सीईटीचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख आहे, आणि बाबांच्या फोनमधला डेटा संपलाय. तुमच्या वायफायचा पासवर्ड मिळेल का?"

आपल्या दिव्याचा उजेड खिडकीबाहेर पडला तर त्यांत कोणीं वाचूं नये, असें म्हणणारा मनुष्य आम्हीं पाहिला नाहीं. पासवर्ड देणें हें त्यांतलेंच, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु उजेडावर कोणाचें नांव नसतें. या लहरींवर असतें. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोट झाले. त्यांच्या थोडेंच आधीं वृत्तवाहिन्यांकडे एक ई-मेल गेला होता, आणि त्याचा माग काढीत पोलीस पोंचले ते नवी मुंबईंत सानपाड्यास राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या घरीं! त्याचें बिनतारी जाळें भलत्यांनींच वापरलें होतें.

आमचे एक स्नेही म्हणाले, "त्यांत काय? पाहुण्यांचें जाळें निराळें ठेवा." ही सोय खरोखर चांगली आहे. जुन्या वाड्यांत परका मनुष्य ओसरीवर बसे, माजघरांत येत नसे. तसेंच या निराळ्या जाळ्यावरील फोनला आपल्या घरांतील संगणक दिसत नाहीं. पण रस्त्यावरून पाहणाऱ्यास ओसरीचा आणि माजघराचा घरक्रमांक एकच! पाहुणा जें करील तें आमच्याच नांवावर.

मग द्यावा कीं न द्यावा? आम्हांस आमच्या धंद्याची आठवण झाली. ज्यांचे चेहरेहि आतां आठवत नाहींत अशा शेंकडों विद्यार्थ्यांना आम्हीं पंचवीस वर्षें चांगल्या वर्तणुकीचे दाखले सहीनिशीं दिले आहेत. कोणाची शहानिशा केली नाहीं. तो हात एका ओळखीच्या मुलीपुढें, तीहि गरिबाची आहे म्हणूनच, आखडूं लागला काय, या शंकेनें आम्हांस लाज वाटली. पासवर्ड दिला.

येथें प्रकरण संपलें असतें तर हा लेख लिहिला नसता. या यंत्राचें एक व्यवस्थापनाचें पान असतें. कोणता फोन केव्हां जोडला गेला हें त्यावर दिसतें. इच्छा असल्यास कोणत्या संकेतस्थळांकडे तो गेला याची नोंदहि आमच्या यंत्रांत ठेवतां येते. आठवड्यानें कांहीं कारणानें तें पान उघडलें, तों मुलीचा फोन रात्रीं दीड वाजतां चालू! नांव आमचें गुंतलें आहे, तेव्हां पाहण्याचा हक्कहि आमचाच, असें मन लागलीच बोलूं लागलें. हा युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. परंतु दाखला द्यावयाचा आणि मागाहून विद्यार्थ्याच्या पाळतीवर राहावयाचें, तर तो दाखला कसला? नोंद आम्हीं सुरू केली नाहीं. मात्र तिला अंधारांत ठेवणें बरें दिसेना, म्हणून दुसऱ्या दिवशीं जिन्यांत सारें समजावून सांगितलें.

तिनें विचारलें, "म्हणजे सर, माझं सगळं तुम्हांला दिसतं?"

"सगळं नाही. कुठं गेलीस एवढं दिसूं शकेल. पण पाहणार नाही."

ती "बरं" म्हणाली. त्या दिवसापासून तिचा फोन सायंकाळीं सातच्या सुमारास अर्धा तास जोडला जातो, आणि रात्रीं एकदांहि नाहीं. हें आम्हांस कसें कळलें, तें वाचकांनीं ताडलेंच असेल.