शाळेचे नियम कोणास बंधनकारक?

शाळेच्या भिंतीवर विद्यार्थ्यांच्या वर्तनाचे नियम रंगवून ठेवण्याची चाल आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, ते नियम खरोखर वाचणारा मनुष्य बहुधा शाळेत नव्याने आलेला पाहुणाच असतो. विद्यार्थी ते वाचीत नाहीत, कारण त्यांस ते पाठ असतात. शिक्षक वाचीत नाहीत, कारण ते त्यांच्यासाठी लिहिलेले नसतात. आम्हीही आमच्या महाविद्यालयाच्या दारावरील फलकाखालून गेली तीस वर्षे जात आहोत. पण त्यावर किती कलमे आहेत असे कोणी विचारले तर सांगता येणार नाही.

असा एक फलक पाहुणा या नात्याने वाचण्याचा प्रसंग आम्हांस मध्यंतरी आला. पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात एका निवासी शाळेवर आमचा एक जुना विद्यार्थी शिक्षक आहे. त्याच्या आग्रहावरून फाल्गुन महिन्यात आम्ही तिकडे गेलो. कसाऱ्याहून खोडाळा आणि तेथून वर सूर्यमाळेचे पठार, असा आमचा रस्ता होता. नागली-वरईची शेते केव्हाच मोकळी झालेली, गवत पिवळे पडलेले, आणि कित्येक पाड्यांवरील घरांना बाहेरून कड्या घातलेल्या. दिवाळीनंतर या भागातील पुष्कळ कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर वा बांधकामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, हे आम्ही वाचले होते. पण वाचणे निराळे आणि ओळीने बंद घरे पाहणे निराळे. आमच्या विद्यार्थ्याची शाळा त्या परिसरातच कोठेशी आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते कोणत्याही शाळेस लागू पडते.

फलकावर नेहमीचेच नियम होते. नित्य स्नान करून स्वच्छ राहावे. खरे बोलावे. गुरुजनांचा मान राखावा. घंटा होताच वर्गात यावे. परवानगीवाचून आवार सोडू नये. सर्व एकाच पांढऱ्या रंगात आणि एकाच मापाच्या अक्षरात. आम्ही तो वाचीत असता आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, नीतिशास्त्र तुम्ही शिकवलंत. यातल्या शेवटच्या कलमाबद्दल मला तुम्हांला एक विचारायचं आहे." आणि त्याने पुढील हकीकत सांगितली.

त्या भागात होळीनंतर चैत्राच्या सुमारास गावोगाव बोहाडा होतो. देवादिकांचे व राक्षसांचे मोठे मुखवटे घालून, वाद्यांच्या तालावर रात्रभर सोंगे नाचवली जातात, आणि कित्येक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याने नाचवावयाचे असा पिढीजात मान असतो. सातवीतील एका मुलाच्या घराण्याकडे असेच एक सोंग होते. वडील आजारी, थोरला भाऊ दूर कामावर. मुलगा रात्री वसतिगृहातून निघाला, सहा-सात मैल जंगलातील पायवाटेने गावी गेला, सोंग नाचवले, आणि तिसऱ्या दिवशी आपणहून परत येऊन दारात उभा राहिला. कोठे होतास, असे विचारताच सर्व सांगून टाकले. परवानगी का मागितली नाहीस, यावर म्हणाला, "गुरुजी, मागितली असती तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग सोंग कोणी नाचवायचं?"

"काय करायला हवं होतं मी?" असा आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता.

प्रथमदर्शनी आम्हांस सोफोक्लिझच्या अँटिगनीचे स्मरण झाले, हे कबूल केले पाहिजे. आमच्या पिढीच्या इंग्रजी शिकलेल्या माणसास अशा वेळी दुसरे काही सुचत नाही. राजाज्ञा मोडून भावाची उत्तरक्रिया करणारी ती बहीण आणि सोंगासाठी आवार सोडणारा हा पोर. दोन्हीकडे कुळाचे कर्तव्य आणि राज्याचा नियम यांची टक्कर. दोन असत्यांचा नव्हे, तर दोन सत्यांचा झगडा, असा या नाटकाचा अर्थ हेगेलने लावला आहे. परंतु ही तुलना फार दूर नेता येत नाही. आमचा क्रिऑन हा राजा नसून, रात्री अंथरुणे मोजताना एक रिकामे आढळल्यामुळे हातात विजेरी घेऊन ओढ्याकाठी हाका मारीत फिरणारा, भेदरलेला शिक्षक आहे. निवासी शाळांतून मुले सर्पदंशाने वा आजाराने दगावल्याच्या वार्ता आपण वेळोवेळी वाचतो. परवानगीचा नियम हा कोणाच्या अहंकाराचा नियम नव्हे. तो मुलाच्या जिवाची काळजी आहे. म्हणून नियम जुलमी होता आणि मुलाने तो मोडला हे बरेच झाले, असे म्हणून मोकळे होण्याची सोय येथे नाही.

प्रश्नाची खरी गाठ आम्हांस अन्यत्र दिसते. फलकावरील पाचही वाक्ये एका मापात रंगवलेली असली तरी ती एका जातीची नाहीत. खरे बोलण्याचे बंधन मुलास सर्वत्र आणि सर्वकाळ आहे. शाळा चांगली असो की वाईट, त्याने काही अडत नाही. स्नानाचे तसे नाही. मोखाडा तालुक्यात पावसाळ्यात आभाळ फाटते. वैतरणेचे पाणी अडवून मुंबई तहान भागविते. मध्य वैतरणा धरण तर याच तालुक्यात कोचाळे येथे असून २०१४ साली त्याचे लोकार्पण झाले. आणि याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहत बसतात. ज्या मुलाच्या अंघोळीचे पाणी शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरील महानगराच्या नळाला गेले आहे, त्यास 'नित्य स्नान करावे' असे सांगणाऱ्या वाक्याला व्याकरणात विध्यर्थ म्हणत असतील. नीतिशास्त्रात ते अर्धे वाक्य आहे. त्याचा पहिला अर्धा, 'आम्ही तुला पाणी देऊ', हा लिहिलेला नाही.

परवानगीच्या नियमाचेही असेच आहे. 'विचारल्यावाचून जाऊ नकोस' या वाक्याला 'तू विचारलेस तर आम्ही तुझे ऐकून घेऊ' हा पूर्वार्ध गृहीत आहे. तो जर खोटा असेल, विचारणे आणि नकार मिळणे या दोन गोष्टी मुलाच्या अनुभवात एकच झाल्या असतील, तर परवानगी या शब्दाला अर्थच उरत नाही. मग तो नियम 'विचारावे' असा राहत नाही. 'जाऊ नये' एवढाच राहतो.

वाचक विचारतील, म्हणजे शाळेने आपला वाटा उचलला नाही की विद्यार्थी नियमातून मोकळा? तसे झाले तर प्रत्येक पोर न्यायाधीश होईल आणि शाळेचा बाजार होईल. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देण्याची आमची इच्छा नाही. मुलगा मोकळा होत नाही. रात्रीच्या वेळी जंगलातून जाणे गैर होते. शिक्षकाला घोर लागेल हे त्याला कळत होते. ते त्याने टाळावयास हवे होते. परंतु मुलगा चुकला म्हणणे आणि त्यास शिक्षा करण्याचा अधिकार आम्हांस आहे म्हणणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. आपण त्या नेहमी एक समजतो. ऋणको कर्जातून सुटत नाही हे खरे. पण ज्या सावकाराने स्वतःचा शब्द मोडला आहे, त्याने चारचौघांत त्या ऋणकोस बेइमान म्हणावे हे शोभत नाही. शाळेने आपला वाटा न उचलल्याने मुलाचे कर्तव्य संपत नाही. शाळेचा रागावण्याचा हक्क संपतो.

याची उलट बाजू पाहावयाची तर साताऱ्यास जावे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा वर्गात वेगळा बसे. बसण्याचे गोणपाट घरून आणी आणि सायंकाळी घरी परत नेई. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा, तो नसेल तर तहानेले राहावे. त्यांनी स्वतःच हे पुढे लिहून ठेवले आहे. त्या मुलाने शाळेचे लिहिलेले सर्व नियम पाळले, आणि न लिहिलेलेही पाळले. तेथे शिस्त पूर्ण होती. न्याय कोठे होता?

जुन्या गुरूंस ही गोष्ट आम्हांपेक्षा बरी कळत होती असे दिसते. तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्लीत, विद्या संपवून निघालेल्या शिष्यास आचार्य उपदेश करतात. त्यातील सत्याचा व धर्माचा उपदेश आपण शाळाशाळांच्या कमानींवर कोरला आहे. पण त्याच उपदेशात पुढे आचार्य शिष्यास सांगतात की, आमच्या आचरणात जे चांगले असेल त्याचेच अनुकरण कर, इतराचे नको. हे वाक्य आम्ही एकाही कमानीवर पाहिलेले नाही. शिष्यास नियम सांगत असतानाच गुरू स्वतःस त्या नियमांच्या तागडीत बसवितो. आम्ही मात्र तागडीचा एक पालाच भिंतीवर टांगला.

आणि हे केवळ उपनिषदातच होते असे नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेले साने गुरुजी छात्रालयाचे प्रमुख होते. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः आवरीत, त्यांचे मळके कपडे धुऊन ठेवीत. थोड्याच दिवसांत मुलांस लाज वाटू लागली. मोखाड्याच्याच जिल्ह्यात, समुद्राच्या बाजूस, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी काय केले हेही प्रसिद्ध आहे. १९४५ साली बोर्डी येथे त्यांच्या ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू झाले. मुले अस्वच्छ येतात म्हणून त्यांनी फलक लावला नाही. त्यांस अंघोळी घातल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम नेल्यावर असे आढळले की, मोठी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत. हजेरीचा नियम कडक करणे हा सरळ मार्ग होता. त्यांनी शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' हा शब्द मराठीत त्यामुळे आला. नियम मोडणाऱ्याकडे नियमानेच चालत जावे, ही कल्पना जगातील कोणत्याही शिक्षणशास्त्रज्ञास अभिमान वाटावा अशी आहे.

झां पियाजे याने १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधील मुलांच्या गोट्यांच्या खेळाचे निरीक्षण आहे. लहान मुलांस खेळाचे नियम वडिलांनी वा देवाने घातलेले आणि म्हणून न बदलणारे वाटतात. मात्र ती ते धड पाळीत नाहीत. अकरा-बारा वर्षांची मुले म्हणतात की, सर्वांचे एकमत झाले तर नियम बदलता येईल. आणि तीच ते कसोशीने पाळतात. आमचा सातवीतला मुलगा नेमका या वयाचा. नियम हा दोघांमधील शब्द असतो हे त्याला कळू लागले आहे, आणि आम्ही त्यास पहिलीच्या मुलाचा फलक दाखवितो.

शिक्षेविषयी थोडे लिहिले पाहिजे. छडीचा प्रश्न आता नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ हे दोन्ही निषिद्ध केले आहेत. पण प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी वाचावयास लावणे हे छळात मोडते की नाही, यावर त्या शाळेतील शिक्षकांतच मतभेद झाला. आम्हांस त्याहून मोठा धोका दिसतो. मुलाने परवानगीचा नियम मोडला, पण सत्याचा पाळला. पहिल्याबद्दल शिक्षा केली तर तो पुढच्या वेळी दुसराही मोडावयास शिकेल. याबाबतीत आम्ही अधिकाराने बोलू शकतो. आमच्या सेवाकाळात एकेका विद्यार्थ्याच्या चार-चार आज्या परीक्षेच्या सुमारास निवर्तल्या आहेत. या आज्या आम्हीच मारल्या, असे आता वाटते. खरे कारण सांगून रजा मिळत नाही हे आम्हीच त्या मुलांस शिकविले. रग्बी येथील डॉ. आर्नोल्ड मुलाच्या शब्दावर तात्काळ विश्वास ठेवी, त्यामुळे त्याच्याशी खोटे बोलणे मुलांस कमीपणाचे वाटे, ही गोष्ट आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगितली आणि कचेरीत येऊन रजेच्या अर्जास दाखला मागितला.

हे सर्व आम्ही आमच्या विद्यार्थ्यास सांगितले, अर्थात इतके व्यवस्थित नव्हे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग स्वतः काय केले ते सांगितले. त्याने माफी वाचावयास लावली नाही. मुलास शेजारी बसवून, रात्री आपण कोठकोठे शोधले, कोणत्या विहिरीत वाकून पाहिले, ते सांगितले. मुलगा रडला. दुसऱ्या वर्षी होळीपूर्वीच शिक्षकाने वर्गात विचारले की, कोणाकोणाच्या गावी बोहाडा आहे आणि कोणाच्या घरी सोंग आहे. चार हात वर झाले. मुख्याध्यापकांची समजूत घालून चौघांस दोन दिवसांची रजा दिली, आणि घरचे माणूस न्यावयास आले पाहिजे अशी अट घातली. ती मुलांस मान्य झाली.

"चौघं परत आले?" आम्ही विचारले.

"तिघं आले. सांगितलेल्या दिवशी, संध्याकाळच्या गाडीनं."

चौथ्याचे आईबाप बोहाड्यासाठी भट्टीवरून दोन दिवस गावी आले होते आणि जाताना त्याला बरोबर घेऊन गेले होते. वार्षिक परीक्षेला तेरा दिवस होते. आमचा विद्यार्थी रविवारी पहिल्या एसटीने भिवंडीकडे निघाला. भट्टीचे नाव ठाऊक नव्हते. मुलाचा एक फोटो आणि परीक्षेचे वेळापत्रक एवढेच खिशात होते. तिसऱ्या भट्टीवर तो सापडला. विटा वाहत होता.