तटस्थाचा धर्म

'तटस्थ' या शब्दाचा मूळ अर्थ तटावर, म्हणजे काठावर, उभा असलेला असा आहे. व्यवहारात मात्र त्याला उदासीनतेची छटा आली असून, ज्याला कशाचेच सोयरसुतक नाही अशा मनुष्यास आपण तटस्थ म्हणतो. त्यामुळे दुसऱ्याचे कर्म काठावरून पाहणाऱ्यालाही काही कर्तव्य असते काय, हा प्रश्न मागे पडतो. प्रत्येक गृहस्थाला केव्हा ना केव्हा ही भूमिका घ्यावीच लागते. म्हणून त्याचा विचार अगत्याने करावयास हवा.

नौकांच्या शर्यतीत हा प्रश्न प्रत्यक्ष डोळ्यांपुढे उभा राहतो. अमेरिकेतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा संघ १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरला होता. आठ वल्हेकरी आणि सुकाणू सांभाळणारा एक, असे नऊ जण एका नौकेत होते. या शर्यतीत वल्हेकऱ्याचे तोंड मागच्या बाजूस असते. ज्या अंतिम रेषेकडे नौका धावते ती त्याला दिसतच नाही. ती पाहण्याचे काम एकट्या सुकाणू धरणाऱ्याचे. उलटपक्षी, काठावरच्या प्रेक्षकास रेषा स्पष्ट दिसते, परंतु वल्ह्याचा भार त्याच्या हातास मुळीच लागत नाही. करणाऱ्याजवळ कर्म असते, पाहणाऱ्याजवळ केवळ फळ.

यातूनच पाहणाऱ्याचे दोन दोष उत्पन्न होतात. विजय झाला तर तो 'आम्ही जिंकलो' म्हणतो. पराभव झाला तर 'ते हरले' म्हणतो. हा पहिला दोष. दुसरा दोष उतावळ्या निर्णयाचा. १४ ऑगस्टच्या अंतिम शर्यतीत वॉशिंग्टनची नौका प्रारंभी मागे पडली. सर्वांना ताल धरून देणारा वल्हेकरीच आजारी होता. काठावरच्या हजारो लोकांना मागे पडलेली नौका दिसली. आजार दिसला नाही. अखेरीस २००० मीटरचे अंतर तिने ६ मिनिटे २५.४ सेकंदांत तोडले आणि इटलीच्या नौकेस अवघ्या सहा दशांश सेकंदाने मागे टाकले. ज्यांनी मध्येच निकाल देऊन टाकला होता, ते सर्व खोटे ठरले.

मग पाहूच नये, उदासीनच राहावे, हे श्रेयस्कर काय? तसेही नव्हे. ती नौका जॉर्ज पोकॉक या कारागिराने सीडरच्या लाकडातून घडविली होती. त्याचा जन्म इंग्लंडमधला; त्याची कार्यशाळा विद्यापीठाच्या नौकागृहातच होती. तो संघात वल्हे मारीत नव्हता, संघाचा शिक्षकही नव्हता. परंतु मुलांना तो जवळून न्याहाळीत असे आणि शिक्षक त्याचा सल्ला घेत. नौकेची निगा राखण्यासाठी तो बर्लिनलाही गेला. मात्र शर्यत सुरू झाल्यावर त्याच्या हाती काहीही उरले नाही. आपले काम त्याने आधीच पूर्ण केले होते. पुढचे काम मुलांचे होते.

गीतेच्या तेराव्या अध्यायात पुरुषाला 'उपद्रष्टा' म्हटले आहे. 'उप' म्हणजे जवळ. जवळ राहून पाहणारा तो उपद्रष्टा. दूर सरणारा नव्हे आणि मध्ये पडणाराही नव्हे. कोणी म्हणेल, जवळ राहिले की आसक्ती जडणारच. परंतु आसक्ती जवळिकीतून जन्मत नाही. दुसऱ्याच्या कर्मावर स्वतःचा हक्क सांगण्यातून ती जन्मते.

मुलगा परीक्षेस बसतो, मुलगी नव्या घरी जाते, धाकटा भाऊ स्वतःचा व्यवसाय आरंभितो. अशा वेळी घरच्या वडीलधाऱ्यांची जागा काठावरच असते. नौका मजबूत बांधून देणे हा त्यांचा धर्म आहे. त्यात कसूर झाली तर तो दोष त्यांचाच. पण नौका पाण्यात गेल्यावर वल्हे हिसकावून घेण्याचा मोह त्यांनी आवरावा, ती मागे पडलेली दिसताच निर्णय देऊ नये, आणि ती पैलतीरी पोहोचली तर श्रेयाचा वाटा मागू नये. हे संयमाचे काम वल्हे मारण्याहून सोपे आहे, असे मात्र कोणी समजू नये.