गाडीबरोबरचे कागद

कोथरूडमधला जुना बंगला रीडेव्हलपमेंटला गेला की घर हलवण्याच्या गडबडीत गॅरेजमधली फाईल बहुधा रद्दीत जाते. तिच्यात पद्मिनी गाडीचं शोरूमचं बिल असतं, कंपनीचं मॅन्युअल असतं, टॅक्सच्या पावत्या असतात. गाडी मात्र कुणी हौशी माणूस उचलतो आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली असेल तशी करून घेतो. मग त्याला वाटतं, कागदही हवेत. तेही बनवून घेता येतात. मॅन्युअलची हुबेहूब प्रत, त्या वर्षीचं वाटावं असं बिल, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं केलेलं, टाचणीच्या गंजाचा डाग अगदी हवा तिथे.

मॅन्युअलबद्दल माझी तक्रार नाही. प्लगची गॅप किती ठेवायची, हे नवी प्रतही सांगते. आपले प्रकाशक पुस्तकात पुनर्मुद्रणाचं साल छापतात, तसं कोपऱ्यात छापलं की झालं. बिलाचं तसं नाही. गाडी चालवायला ते कामाचं नसतं. अमुक दिवशी अमुक माणसाने ही गाडी घेतली, एवढी साक्ष ते देतं.

1990 साली लंडनच्या हायकोर्टात ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटलीचा खटला गाजला. ल मांची शर्यत 1929 आणि 1930 अशी दोनदा जिंकलेली ही गाडी. मूळ भाग तिच्यात फारसे उरले नव्हते. ही ती गाडीच नव्हे, असं खरेदीदाराचं म्हणणं. कोर्टाने ती तीच मानली, कारण तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता. आता हा इतिहास असतो कुठे? बराचसा कागदावरच. नवं बॉनेट बसवणारा गाडी दुरुस्त करतो, जुनं बिल ‘तयार’ करणारा खोटा साक्षीदार उभा करतो.

‘विकायची नाहीच, फक्त शोमध्ये मांडायला’ हा नेहमीचा बचाव. बोलणारा खरंही बोलत असेल. पण तो गेल्यावर मुलगा गाडी विकतो, फ्रेममधलं बिल बनावट आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसतं, आणि घेणारा ‘सिंगल हँड, डॉक्टरची गाडी’ म्हणून वर पैसे मोजतो.

सरकारी कागदांची गोष्ट वेगळी. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 च्या केंद्रीय नियमांनी विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणली. 20,000 रुपये फी, मुदत 10 वर्षं. इथे नोंदलेल्या गाडीला त्यासाठी जुनी आरसी लागते, आणि पहिल्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्यात. आरसी हरवली तर वाट सरळ आहे: पोलिसांत तक्रार, आरटीओत फॉर्म 26, मग डुप्लिकेट आरसी.

शोरूमच्या बिलाला असा फॉर्म नाही. तिथे साधा कागद लावावा: मूळ बिल सापडलं नाही, गाडी अमुक साली अमुक घरातून घेतली, खाली आपली सही. आधीच्या मालकाच्या घरचं कुणी भेटलं तर त्यांचीही घ्यावी. पुण्यात अशी माणसं सापडतात, आणि गाडीचं नाव काढलं की तासभर सोडत नाहीत.