नावाचा वारसा

जुनी वस्तू सुधारली म्हणजे तिचे नाव तेच ठेवावे की बदलावे, हा प्रश्न वरवर पाहता बारशाच्या घरी गप्पांपुरता शोभणारा आहे. वस्तू चांगली झाली, आपले काम नीट करू लागली, मग नावाचा एवढा खल कशाला, असे कोणीही व्यवहारी माणूस म्हणेल. परंतु थोडे खोलात गेले म्हणजे ध्यानी येते की या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो नीतीचा आहे. जे बदलले, त्याच्याबद्दल यापुढे जाब कोणी द्यावयाचा? नाव हे जाब विचारण्याचे साधन आहे. हाक मारल्याखेरीज उत्तर मागता येत नाही.

हा प्रश्न अगदी स्वच्छ रूपात पाहावयाचा असेल तर तो मुलांच्या एका खेळात पाहावा. संगणकावर खेळावयाचा ‘मास्टर ऑफ ओरायन’ नावाचा खेळ १९९३ साली निघाला. खेळणारा एका तारकासाम्राज्याचा अधिपती असतो. शास्त्रज्ञांकडून नवनवे शोध लावून घ्यावयाचे, त्यांच्या बळावर अंतराळनौकांचे आराखडे रचावयाचे आणि त्यांबरहुकूम आरमार बांधावयाचे, असा त्याचा क्रम. नवे इंजिन हाती आले की कालचा आराखडा शिळा होतो. त्याची सुधारलेली आवृत्ती काढली, तर तिला नाव काय द्यावे? पहिलीला ‘ससाणा’ म्हटले असेल तर दुसरीला ‘ससाणा दोन’ म्हणावे की ‘गरुड’ म्हणावे? आकडे घालीत गेले तर वंशावळ कळते, पण पाचव्या-सहाव्या पिढीत नावाला चव राहत नाही. दर वेळी नवे नाव दिले तर रुबाब येतो, पण भर युद्धात कोणती नौका कोणत्या काळची, हेच खेळणाऱ्याला आठवेनासे होते.

या खेळाचा एक नियम विशेष विचार करावयास लावणारा आहे. एका वेळी सहाच आराखडे जवळ ठेवता येतात. सातवा हवा असेल तर सहांतील एक पुसावा लागतो. आणि आराखडा पुसला की त्यावरून बांधलेल्या साऱ्या नौका, त्या आकाशात कोठेही असोत, मोडीत निघतात. तेथे एकेका नौकेला स्वतःचे नावच नाही. ‘ससाणा, नग चाळीस’ एवढीच तिची ओळख. १९९६ साली निघालेल्या याच खेळाच्या दुसऱ्या भागात ही कठोरता ओसरली, आणि जुन्या नौकेवर नवी सामग्री चढविण्याची सोय झाली. खेळ म्हणून पहिला नियमही चोख आहे; मर्यादा असल्याखेरीज निवडीला अर्थ येत नाही. पण तोच नियम माणसांच्या जगात आणला तर काय होईल, याची कल्पना केली म्हणजे नाव कशासाठी असते हे उमजू लागते.

खऱ्या आरमारांनी ही अडचण शहाणपणाने सोडविली आहे. ती आराखड्याला आकडा देतात आणि नौकेला नाव. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आपल्या विनाशिकांचा ‘प्रकल्प १५’ पाहा. त्याच्या मूळ आराखड्यावरून बांधलेली ‘दिल्ली’ १९९७ साली, ‘म्हैसूर’ १९९९ साली आणि ‘मुंबई’ २००१ साली आरमारात दाखल झाली. आराखडा सुधारला तेव्हा त्याला ‘१५-ए’ म्हटले. त्यातून २०१४ ते २०१६ या काळात ‘कोलकाता’, ‘कोची’ आणि ‘चेन्नई’ आल्या. पुन्हा सुधारणा झाली ती ‘१५-बी’. तिच्यातून २०२१ साली ‘विशाखापट्टणम’, २०२२ साली ‘मोर्मुगाओ’, २०२३ साली ‘इंफाळ’ आणि २०२५ साली ‘सुरत’ अशा चौघीजणी निघाल्या. आकडा आणि त्यामागचे अक्षर पाहिले की आराखड्याचे कूळ कोणालाही कळते. त्यात बढाई नाही आणि लपवाछपवीही नाही. नाव मात्र शहराचे. ही नौका कशी बांधली ते आकडा सांगतो. ती कोणाची म्हणवते ते नाव सांगते.

यांतील ‘म्हैसूर’ या नावाचा प्रवास आम्हा म्हैसूर मुक्कामी असलेल्या मराठी मंडळींना तरी मनोरंजक वाटावा. १९४० साली ‘नायजेरिया’ या नावाने ब्रिटिश आरमारात दाखल झालेली एक क्रूझर भारताने १९५४ साली विकत घेतली. इंग्लंडातील बर्कनहेड येथे तिची मोठी डागडुजी झाली आणि २९ ऑगस्ट १९५७ रोजी ती ‘म्हैसूर’ या नावाने आपल्याकडे आली. १९७१ च्या युद्धात ती पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका होती. १९८५ साली ती निवृत्त झाली आणि चौदा वर्षांनी तेच नाव माझगावच्या नव्या विनाशिकेला मिळाले. जुनीचा एक खिळाही नवीत नाही. तरीही जुनीच्या अंगावर जो ६० हा क्रमांक होता, तोच नवीच्या अंगावर आला. आणि नवीच्या मानचिन्हावर म्हैसूरच्या राजघराण्याचा दोन मुखांचा गंडभेरुंड बसला. म्हणजे एकदा शरीर तेच राहून नाव बदलले, आणि दुसऱ्यांदा नाव तेच राहून शरीर बदलले. यांतील खरी ‘म्हैसूर’ कोणती?

मुंबईच्याच जुन्या गोदीचे एक उदाहरण तर याहून गुंतागुंतीचे आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचा आराखडा इंग्रजांनी १७८२ साली पकडलेल्या ‘हेबे’ नामक फ्रेंच नौकेवरून सिद्ध झालेला. त्याची मुंबईला धाडलेली पहिली प्रत ‘जावा’ या नौकेबरोबर १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांच्या हातून नष्ट झाली, तेव्हा दुसरी प्रत पाठवावी लागली. पुढे १८४५ साली या नौकेच्या तोफा कमी करून तिचे रूप पालटण्यात आले. १८९७ साली नेल्सनची एके काळची ध्वजनौका ‘फूद्रॉयां’ वादळात फुटली, तेव्हा तिच्या मालकाने तिच्या जागी ही मुंबईची नौका घेतली आणि तिला ‘फूद्रॉयां’ हेच नाव दिले. सुमारे नव्वद वर्षे ती दुसरीच्या नावाने जगली. अखेर १९९२ साली तिचे स्वतःचे नाव तिला परत मिळाले, आणि आज ती इंग्लंडातील हार्टलपूल येथे जपून ठेवलेली आहे. मुंबईचे सागवान टिकले म्हणून हे शक्य झाले.

तत्त्वज्ञांना असली कोडी फार प्रिय. ग्रीकांनी थीसियसच्या नौकेची एकेक फळी बदलून विचारले की ही तीच नौका का? आपल्याकडे त्याही पलीकडचे उत्तर भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला दिले. रथाची चाके म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही नव्हे. या सर्वांच्या मेळाला ‘रथ’ हा व्यवहारापुरता शब्द आहे, एवढेच. हे उत्तर आम्हांस मान्य आहे. परंतु नाव व्यवहारापुरते आहे असे ठरल्याने ते क्षुल्लक ठरत नाही. व्यवहार म्हणजेच देणेघेणे, वचन आणि जबाबदारी. वस्तू ‘तीच’ आहे की नाही, या वादाचा निकाल लागो वा न लागो. तिचे देणे कोणी फेडावयाचे, हा निकाल मात्र रोज लावावा लागतो.

आणि तो लावण्याची एक रीत आपल्या समाजाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ती म्हणजे दत्तक. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार यांनी १८६५ साली चामराजेंद्रांना दत्तक घेतले. इंग्रज सरकारने १८६७ साली ते मान्य केले आणि १८३१ पासून आपल्या ताब्यात असलेले राज्य १८८१ साली त्या दत्तक पुत्राच्या हाती परत दिले. साताऱ्याचे दत्तक १८४८ साली नामंजूर करून जे राज्य खालसा केले, त्याची आठवण असलेल्या मराठी वाचकाला या दोन निकालांतील अंतर सांगावयास नको. दत्तकाच्या अंगात त्या घराण्यातल्या पित्याचे रक्त असावे, असा शास्त्राचा आग्रह नाही. पण तो नाव घेतो, त्याबरोबर गोत्र घेतो, वाडा घेतो, आणि श्राद्धाचा पिंड व बापाचे कर्जही घेतो. वाडा घेईन, कर्ज घेणार नाही, असे जुन्या धर्मशास्त्रात त्याला म्हणता येत नव्हते. नावाच्या वारशाचा सारा नीतिविचार या एका अटीत सामावला आहे.

‘खुकरी’ या नावाकडे पाहिले म्हणजे ही अट किती गंभीर आहे हे पटते. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात शत्रूच्या पाणबुडीने ‘खुकरी’ बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. हे नाव अपशकुनी म्हणून टाकून देता आले असते. आरमाराने तसे केले नाही. १९८९ साली माझगावात बांधलेली नवी नौका त्याच नावाने समुद्रावर गेली. २०२१ साली ती निवृत्त झाली, आणि पुढे स्मारक म्हणून दीवलाच नेण्यात आली. या नव्या नौकेवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक खलाशाला ते नाव काही एक सांगत असले पाहिजे. तो वैभवाचा वारसा नव्हता, ऋणाचा होता. संगणकाच्या खेळात नौका बुडाली की यादीतला आकडा एकाने उतरतो आणि आराखडा जशाच्या तसा राहतो. ‘खुकरी’ मात्र कोणत्याही आराखड्याच्या यादीतला नग नव्हती.

यावरून नावाच्या व्यवहारात दोन प्रकारचे असत्य संभवते असे दिसून येईल. आतला ऐवज पार बदलला तरी जुन्या नावाची पाटी तशीच ठेवून जुन्या पुण्याईवर जगणे, हे एक. आत काहीच न बदलता नवे नाव देऊन मागच्या देण्यातून सुटका करून घेणे, हे दुसरे. सरकारी नोकरीत ज्यांचे केस पिकले त्यांना दोन्हींची उदाहरणे शोधावयास दूर जावे लागणार नाही. तीच योजना, तोच निधी, तेच नमुने. नाव तेवढे नवे, आणि मागच्या नावाने आलेले अर्ज मात्र ‘ही योजना आता बंद झाली आहे’ एवढ्या शेऱ्याने निकालात निघतात.

उलटपक्षी प्रामाणिक नामांतरही असते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई, हैदराबाद इत्यादी राज्यांतील जिल्हे म्हैसूर राज्यात आले. राज्याचा ऐवज त्या दिवशी बदलला. नाव बदलले १ नोव्हेंबर १९७३ रोजी. सतरा वर्षे नाव मागे राहिले आणि मग वस्तुस्थितीला येऊन मिळाले. सीमेचा वाद अर्थातच निराळा आहे, तो येथे नको. २०१४ साली शहराचे इंग्रजी नाव बदलून ‘मैसूरु’ झाले, तेव्हा तर कन्नड माणूस जे आधीपासून म्हणत होता तेच कागदावर आले. याच्या जोडीला याच शहरातली जुनी गोष्ट ठेवून पाहावी. टिपू सुलतानाने म्हैसूरचा किल्ला पाडून त्याच्या दगडांनी जवळच ‘नजरबाद’ वसविण्यास घेतले. १७९९ साली तो पडल्यावर तेच दगड उचलून म्हैसूरचा किल्ला पुन्हा उभारला गेला. दगड बिचारे दोन्ही नावांना सारखेच उपयोगी पडले. आज नजरबाद म्हैसूरचाच एक मोहल्ला आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. नव्याच्या खांद्यावर जुन्याचे ओझे कशाला? सुधारणेला मोकळे नाव का मिळू नये? मिळावे. मात्र मोकळे नाव घेणाऱ्याने जुन्याच्या पराक्रमाचे पदक छातीवर लावू नये, आणि जुने नाव घेणाऱ्याने जुन्याची उधारी नाकारू नये. निवड कोणतीही असो, जमा आणि खर्च एकाच पानावर असावे, एवढेच मागणे आहे.

आता राहिला सातव्या आराखड्याचा प्रश्न. ‘१५-ए’ आली म्हणून ‘दिल्ली’ आणि ‘म्हैसूर’ मोडीत निघाल्या नाहीत. आराखडा जुना झाला तरी नौकेला तिचे आयुष्य मिळाले. कचेऱ्यांतून हे तारतम्य दर वेळी राहते असे नाही. नवा आकृतिबंध मंजूर होतो, जुनी पदे रद्द होतात, आणि एका सहीसरशी पंधरा-वीस वर्षे एका जागी राबलेली माणसे ‘अतिरिक्त’ या एका शब्दात जमा होतात. आकृतिबंध सुधारू नये, असे कोण म्हणेल? तो सुधारलाच पाहिजे. पण त्याच्या तक्त्यात ‘कनिष्ठ लिपिक, पदे चार’ असे लिहिलेले असते, आणि त्या चौघांना घरी आईबापांनी ठेवलेली चार नावे असतात. सही करण्यापूर्वी ती नावे एकदा वाचावीत, ही अपेक्षा नियमांत लिहिलेली नसली तरी नीतीत लिहिलेली आहे.

बदलीच्या नोकरीत आपण सर्वच जण थोडेफार त्या ‘म्हैसूर’सारखे आहोत. खुर्चीचे नाव आपल्या आधीपासूनचे, शरीर तेवढे नवे. पदभार स्वीकारल्याच्या कागदावर सही करताना दालन, गाडी आणि शिक्का यांच्याबरोबर प्रलंबित प्रकरणांची यादीही आपण घेत असतो. ती प्रकरणे आपण निर्माण केलेली नसतात. ती आपल्या पदाच्या नावाने आलेली असतात, आणि त्या नावाखाली आता आपली सही असते.